डावीकडे भात

९ मार्च
माझी बायको ओक-बुन जाऊन आज आठवडा झाला. ऑफिसने सुट्टी दिली आहे, पण घरूनच काम सुरू केलं. कामात असलं की माणूस ताळ्यावर राहतो.

मुलांच्या शब्दकोशाची नवी आवृत्ती. माझ्याकडे तीन शब्द उरलेत: डावा, ठीक, रिकामा. मुदत २० एप्रिल. नियम एकच, कुठल्याही शब्दाचा अर्थ त्याच्या उलट शब्दाने सांगायचा नाही. जुन्या आवृत्तीत 'डावा' काढला की 'उजव्याच्या उलट', आणि 'उजवा' काढला की 'डाव्याच्या उलट'. मूल बिचारं दोन पानांत येरझारा घालत बसायचं. नियम मीच घालून दिला, बारा वर्षांपूर्वी. संपादक माह साहेब म्हणाले, "नियम तुमचा, मग अवघड शब्दही तुमचेच." हा मोठा मान आहे.

तीन शब्दांना सहा आठवडे. दोनच पुरतील.

१२ मार्च, सकाळी ७
'डावा' झाला. न्याहारी मांडताना सुचलं. तिच्या फोटोपुढे मी रोज तिचं जेवण मांडतो, गेलेलं माणूस निरोप घेतं त्या एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत मांडायचं ठरवलं आहे. ती बसायची त्याच जागी फोटो, समोर मी. तिची भाताची वाटी तिच्या डाव्या हाताला, सूप उजव्या. माझंही तसंच.

"डावा : जेवायला बसल्यावर भाताची वाटी ज्या बाजूला असते ती बाजू."

उलट शब्दाचा मागमूस नाही. घरात दोन माणसं जेवत असली की रोज पडताळूनही पाहता येतं.

१३ मार्च
'डावा' पाठवला. माह साहेबांचं उत्तर नाही. भारावून गेले असतील.

डोळ्यांना पाणी येतंय. रेडिओवर वाळवंटातून येणाऱ्या पिवळ्या धुळीचा इशारा होता.

२० मार्च
'ठीक'. "वाईट नसलेलं" असं लिहिलं की नियम मोडतो. "आजारी नसलेला", तेच. पण माझ्याकडे कार्डं आहेत. कुणाच्या तोंडून शब्द ऐकला की तारीख घालून कार्ड करायचं, ही तीस वर्षांची सवय. 'ठीक'ची एकोणीस कार्डं निघाली. त्यातली चौदा ओक-बुनची.

"११ नोव्हेंबर. जेवत का नाहीस विचारल्यावर : ठीक आहे."
"२ डिसेंबर. जिन्यात मध्येच बसल्यावर : ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे."

स्वच्छ, निःसंदिग्ध वापर. असा माहितीचा स्रोत घरात असणं भाग्याचं.

२७ मार्च
ऑफिसातून हा-रामचा फोन. दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी, हुशार, मीच शिकवली. म्हणाली, "सर, साहेबांनी तुमचे शब्द मला बघायला सांगितलेत. नुसते बघायला." मी म्हटलं, बघ. ठेवला फोन.

पाठीमागून सुरा. तिला कार्ड करायला मीच शिकवलं होतं. तेव्हा ती दर कार्डावर हवामानही लिहायची.

३ एप्रिल
"ठीक : सगळं जसं असायला हवं तसं असणे." सुरेख झालं. चौदा कार्डं या अर्थात चपखल बसतात.

'रिकामा' उद्या. "ज्यात काही नाही" चालणार नाही, 'भरलेला' मागच्या दाराने आत येतो. कपाट उघडून विचार करावा म्हटलं. तिच्या बाजूचं कपाट. उद्याच उघडतो.

४ एप्रिल
आज वेळ झाला नाही.

५ एप्रिल
आजही नाही.

११ एप्रिल
माह साहेबांना फोन केला. म्हणाले, "'डावा' छान आहे, पण चीनमधलं मूल काय करेल? आणि पाव खाणारं मूल?" मी म्हटलं, कोश कोरियन आहे. ते म्हणाले, "तुम्ही विश्रांती घ्या हो." यांनी बारा वर्षं माझ्या नियमाच्या जोरावर भाषणं दिली. आता विश्रांती घ्या.

१९ एप्रिल
एकोणपन्नासावा दिवस. ताई सकाळीच आल्या, ओक-बुनची थोरली बहीण. ग्वांग्जूहून पहाटेची बस, हातात चार डबे. देवळात जायच्या आधी घरचं मांडून घेऊ म्हणाल्या. मी म्हटलं, मी मांडलंय. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि डबे खाली ठेवले.

"भाऊजी, हे असं रोज मांडलंत?"

रोज. एकही दिवस चुकलो नाही.

"अहो, हे जित्या माणसाचं ताट आहे. गेलेल्यांचं उलटं असतं. भात त्यांच्या उजव्या हाताला, सूप डाव्या. एवढे शब्दकोश केलेत, कुणाच्या घरी कधी पितरांच्या नमस्काराला गेला नाहीत का?"

गेलो होतो. दादाकडे दरवर्षी. पण मी धाकटा, मागच्या रांगेत. पुढे दादाची पाठ दिसायची.

"सात आठवडे पोर ताटकळली असेल," त्या म्हणाल्या, "की हे मला जाऊ देतायत की नाही." मग हसल्या, आणि रडल्या. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. विषय बदलावा म्हणून 'ठीक'ची कार्डं दाखवली. चौदाच्या चौदा.

त्यांनी चष्मा लावून वाचली. अकरा नोव्हेंबरच्या कार्डावर थांबल्या. म्हणाल्या, "या दिवशी आम्ही दोघी हॉस्पिटलात होतो. डॉक्टरांनी तपासणीचे फोटो दाखवले तो दिवस. संध्याकाळी तुमच्यासाठी मासे घेऊन घरी आली."

म्हणजे त्यांना माहीत होतं. नोव्हेंबरपासून. मला जानेवारीत कळलं, तेही ती जिन्यावरून उठलीच नाही तेव्हा.

विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तिनेच शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना सांगितलं तर घरी बसतील आणि माझ्याकडे बघत राहतील. त्यांचा कोश व्हायचाय." चष्मा काढून म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं. तुम्हीही जरा बघायला हवं होतं, भाऊजी."

चौदा कार्डं. सगळी खोटी. एका माणसाने, एका घरात, रोज समोर बसून. आणि मी तारीख घालत होतो.

ताईंनी वाट्यांची अदलाबदल केली. इतके दिवस माझ्या भातासमोर तिचं सूप असायचं. आता भातासमोर भात आला. आम्ही नमस्कार केला.

आज धुळीचा इशारा नव्हता. तरी डोळ्यांत होती.

२० एप्रिल
मुदत. 'डावा' परत मागवला. त्यात "जिवंत माणसाने" हे शब्द घालावे लागतात, आणि मग 'जिवंत' मुलाला समजावून सांगावं लागतं, तेही उलट शब्द न वापरता. सकाळी दोन तास बसलो. 'ठीक' मागे घेतला, पुरावा चुकीचा असल्याने. 'रिकामा' झाला नाही. ताईंनी जाण्यापूर्वी कपाट आवरून दिलं.

दुपारी हा-रामने पान पाठवलं. "डावा : उजव्याच्या उलट बाजू." खाली चिठ्ठी, "सर, साहेब म्हणाले नियम तुमचा आहे, तुमची हरकत असेल तर नाही छापत."

मी मंजुरीचा शिक्का मारून परत पाठवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, शिक्का बघितला. तुम्ही बरे आहात ना?"

ठीक आहे, म्हणालो.

कार्ड केलं नाही.