जिनिंगचा धूर शून्यावर

३ सप्टेंबर, सकाळी
पुण्याहून ईमेल. आपल्या जिनिंगमध्ये सरकी काढून बांधलेल्या कापसाच्या गाठी घेणारी कंपनी म्हणते, आम्ही स्वेच्छेने कार्बन कमी करतोय, माल देणाऱ्यांनीही स्वेच्छेने करावा. सक्ती अजिबात नाही. जो करणार नाही त्याचा माल पुढे घ्यायचा की नाही, याचा फक्त विचार होईल. सर्वांत जास्त कमी करणाऱ्याचा पुण्यात सत्कार.
सत्कार आपलाच. चौसाळ्याच्या हायवेवर एवढ्या दृष्टीचा जिनिंगवाला दुसरा नाही. मॅनेजर परमेश्वरला सांगितलं, पर्यावरण हा माझा लहानपणापासूनचा विषय आहे. तो म्हणाला, हो का.
संकल्प: आजपासून गाडीत एसी बंद.

४ सप्टेंबर
बीडला जाऊन आलो. एसी चालू. उकडतच इतकं होतं. संकल्प सोमवारपासून.

९ सप्टेंबर
सोमवार झाला. एसीचं नंतर बघू. आधी शास्त्रशुद्ध मोजणी.
परमेश्वरने एक्सेलमध्ये सगळं मांडलं. डिझेल जाळण्यात माझी गाडी पहिली, जनरेटर दुसरा, कामाच्या बायकांना आणणारा टेम्पो शेवटी. मोजणीत कुठेतरी गफलत आहे. गाडी सत्यशीलाच्या नावावर आहे, म्हणजे तो धूर सौ.चा झाला, जिनिंगचा कसा? जनरेटर मेव्हण्याच्या नावावर करून भिंतीपलीकडे त्याच्या प्लॉटवर नेला. वायर भिंतीवरून घेतली. धूर अजून आपल्याच ऑफिसात येतो, पण तो आता मेव्हण्याचा धूर आहे.
एका दुपारीत निम्म्याहून जास्त घट! सत्यशीला म्हणाली, तुमची घाण माझ्या नावावर कशाला? तिला यातलं टेक्निकल कळत नाही.

१८ सप्टेंबर, रात्री
शाळेत कार्बनमुक्तीची शपथ. जंगी कार्यक्रम. रस्ताभर फ्लेक्स, प्रत्येकावर मी आणि पृथ्वी. पृथ्वी थोडी लहान आली, पण चालतं. जेसीबीच्या बकेटमधून माझ्यावर झेंडूच्या पाकळ्या. त्याचं डिझेल अर्जुनरावांचं, त्यांना यंदा झेडपीला उभं राहायचंय. म्हणजे आपल्या हिशेबात नाही.
शपथ वाचली सातवीतल्या करिष्मानं. आपल्याकडे जिनवर कापूस लावणाऱ्या रुक्मिणीबाईंची नात. काय खणखणीत आवाज! "मी विनाकारण डिझेल जाळणार नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासोबतचा फोटो पुण्याला पाठवला. तिथल्या पर्यावरण विभागाच्या मॅडमनी उलट हृदयाचं चिन्ह पाठवलं.
घरी येताना एसी चालू. हारांनी फार गरम होत होतं.

२५ सप्टेंबर
मॅडम म्हणतात, सुरुवात छान आहे, आता काहीतरी ठोस करा. मी कागद पुन्हा बघितला. जिनिंगच्या नावावर उरलाय फक्त टेम्पो. हंगाम सुरू झाला की ड्रायव्हर बंकट तो सकाळी माळावरच्या वस्तीवर नेतो, बायका आणतो, संध्याकाळी सोडतो. म्हणजे रोज दोनदा पर्यावरणाचा खून!
टेम्पो बंद. त्याऐवजी 'चालत या, निरोगी राहा' योजना. प्रत्येक बाईला जिनिंगच्या नावाची हिरवी टोपी.
परमेश्वर म्हणाला, दसरा तोंडावर आलाय, मुकादम वस्तीवर जाऊन बसलेत, बायका ऊसतोडीला निघून जातील. मी हसलो. चार हंगाम इथे घरच्यासारख्या वागवलेल्या बायका कोयता कशाला घेतील? परमेश्वर मेहनती आहे, पण त्याच्याकडे व्हिजन नाही.

३० सप्टेंबर
रुक्मिणीबाई सगळ्या बायकांच्या वतीने ऑफिसात आली. टोप्या परत आणल्या होत्या, नीट घडी घालून. मी तिला खुर्ची दिली (हेही नोंदवून ठेवतो). ती जमिनीवरच बसली.
म्हणाली, "मालक, चालायचं न्हाई म्हणत आमी. पण सुटी व्हती अंधार पडल्यावर. मधी सगळा डोंगर, संगं तरण्या सुना. टेम्पो न्हाई म्हणल्यावर आमाला कोयताच घ्यावा लागतो. सून गेली की पोरगी बी जाती. करिष्माची शाळा तुटती, मालक."
मी शांतपणे समजावलं. उत्तर ध्रुवावरचं बर्फ कसं वितळतंय ते मोबाईलवर दाखवलं. तिनं लक्ष देऊन बघितलं आणि विचारलं, "एवढं पाणी व्हतंय तर आमच्या हिरीला कावून न्हाई?"
मीटिंग आहे म्हणून उठलो. मीटिंग नव्हती.

६ ऑक्टोबर
टेम्पो विकला. नुसता बंद ठेवून मॅडमचं समाधान होईना, त्यांना ठोस पुरावा हवा होता. विकल्याचे कागद पाठवले. मॅडम खूश.
घेतला एका मुकादमानं, बंकटसकट. बंकट जाताना पाया पडला. काहीतरी बोलणार होता, पण मी फोनवर होतो.

११ ऑक्टोबर
टेम्पोचा मुकादमाकडचा पहिला फेरा माळावरच्या वस्तीचाच. बायका, नवरे, पोरं, भांडी, शेळी, सगळं भरून गेला. परमेश्वरनं सांगितलं. करिष्माही गेली का, असं मी विचारलं नाही.
मी आशावादी माणूस आहे. बायका काय, मिळतील.

२९ ऑक्टोबर
हंगामाचा मुहूर्त. मशीनची पूजा झाली. नारळ फोडला. कापूस लावायला कोणी नाही.
धारूरकडच्या बायकांना निरोप पाठवला. त्यांनी उलट एकच विचारलं, टेम्पो हाय का? या जिल्ह्यात पर्यावरणाची जाणीवच नाही.

१७ नोव्हेंबर
शेतकरी कापूस आणतात, थांबतात, दुसऱ्या जिनिंगला नेतात. परमेश्वर सध्या माझ्याकडे न बघता बोलतो. मशीनवर चिमण्या बसतात. निसर्ग परत येतोय, असं सत्यशीलाला म्हणालो. ती जेवणाचं ताट ठेवून आत गेली.
खरं सांगायचं तर आज थोडी भीती वाटली. झोपल्यावर गेली.

१२ डिसेंबर
विजय! विजेचं बिल जवळपास नाहीच. मेव्हण्याचा जनरेटरही गार. परमेश्वरचा तक्ता पाहून मॅडमचा स्वतः फोन. म्हणाल्या, तीन महिन्यांत एवढी घट आमच्या कुठल्याच सप्लायरने दाखवली नाही, हे कसं साधलंत? मी म्हणालो, इच्छाशक्ती.
परमेश्वर तेव्हा समोरच होता. दुपारी त्यानं राजीनामा दिला. त्याला तब्येतीचा काहीतरी त्रास असावा.

९ जानेवारी, पुणे, हॉटेलवर
सत्कार झाला. शाल, रोपटं, काचेची भलीमोठी ट्रॉफी. मागे पडद्यावर माझा आणि करिष्माचा फोटो, भिंतीएवढा. टाळ्या थांबेनात. मॅडमनी स्टेजवरच विचारलं, ही गोड मुलगी काय करते सध्या? मी म्हणालो, ती सध्या फिरतीवर असते. सगळे कौतुकानं हसले.
जेवताना खरेदी विभागाचे साहेब भेटले. फार सज्जन माणूस. म्हणाले, अभिनंदन, पण तुमच्याकडून यंदा एकही गाठ आली नाही, त्यामुळे ऑर्डर दुसरीकडे दिली. मी ट्रॉफी दाखवली. ते म्हणाले, तो विभाग वेगळा आहे.

१० जानेवारी, संध्याकाळी
परत आलो. जिनिंगच्या कुलपाची किल्ली परमेश्वरकडेच राहिली, म्हणून ट्रॉफी घरीच ठेवली. सत्यशीलानं ती पालथी करून बघितली, आणि याच्यात काय ठेवतात असं विचारलं.
येताना दौंडच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे बराच वेळ अडकलो. ट्रॉलीत उसावर बायका बसल्या होत्या, सगळ्यात वर एक पोरगी. अंगात शाळेचा गणवेश, डोक्याला फडकं. करिष्मा. तिनं गाडी ओळखली. उभी राहून हात हलवला आणि शाळेत म्हणतात तसं मोठ्यानं "नमस्ते सर" म्हणाली. कोयता तिच्या पायाशी होता.
मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. काच खाली घेऊन काहीतरी बोलावं म्हणून बटणावर बोटही ठेवलं होतं. पण एसी चालू होता, आणि काच उघडली असती तर विनाकारण डिझेल जळलं असतं.