मोरचुदातले पाणी

विश्रामबाग, सांगली
ता. ९ जानेवारी १९४४

चि. सौ. प्रमोदिनी हीस अनेक आशीर्वाद.

तुझे गणित तपासले. मोरचुदात तांबे शेकडा चाळीस आणलेस, हवे साडेपंचवीस. भागाकार चोख आहे, पण त्यातले पाणी वजनात धरलेच नाहीस. खडा हाताला कोरडा लागतो, म्हणून फसलीस. शंभर भागांत छत्तीस भाग पाणी असते!

गेल्या मार्चात शास्त्रानेच तुझी मॅट्रिक अडवली. यंदाही तसे झाले, तर आप्पा आणखी वर्षभर तुला सांगलीस सासरी पाठवणार नाहीत. तासगावच्या द्राक्षबागेतला ज्ञानू कामाने तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर एक खडा पाठवतो. तापवून पाहा.

वडीलधाऱ्यांस नमस्कार. अभ्यास सोडू नये.

शरच्चंद्र

सातारा
ता. १७ जानेवारी १९४४

इकडील चरणी प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

खडा पोचला. जुन्या पळीत घालून चुलीवर धरला. वाफ निघाली आणि सगळा निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरली. वर थेंबभर पाणी टाकले, तर पुन्हा निळी! पळी वाया घालवली म्हणून आई दिवसभर बोलत होती.

आता मांडते: तांबे २५.५, गंधक १२.८, प्राणवायू २५.६, पाणी ३६.१. शंभर भरले.

इकडची पत्रे आप्पा माजघरात सर्वांना वाचून दाखवतात. त्यांत नुसते तांबे नि गंधक. मी रुसलेच होते. पण ज्ञानू सांगत होता, मास्तर लय वाळल्यात, जेवणावर ध्यान न्हाई. ऐकून रडू आले. मला इथे मुळीच करमत नाही. हे पत्रही आप्पा वाचतील. वाचोत.

वेळेवर जेवावे, एवढी विनंती.

आपली
प्रमोदिनी

सातारा
ता. १७ जानेवारी १९४४

चि. शरच्चंद्ररावांस अनेक आशीर्वाद.

प्रमोदिनीचे पत्र सोबत आहे. टपालात टाकण्याआधी नेहमीप्रमाणे माजघरात वाचायला घेतले. तांबे, गंधकापर्यंत ठीक होते. पुढच्या ओळी मनातच वाचल्या. चष्म्याची सबब सांगून उठलो.

मॅट्रिकची अट माझीच. पोरीने शिकावे एवढीच इच्छा होती. ती तुमच्यापाशीही शिकेल. येत्या रविवारी येऊन तिला घेऊन जावे. मार्चात परीक्षेपुरती आणून सोडा. येताना एक लोखंडी पळी आणावी, घरात फार आरडाओरडा आहे.

प्रकृतीस जपावे. हे पत्र मी कोणाला वाचून दाखवलेले नाही.

तुमचा
आप्पा