हवालदारचे दोनशे मीटर

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
हवालदारला दवाखान्यात नेलं. उचलूनच न्यावं लागलं. मागचे पाय गाडीत चढेनात. आळस.

डॉक्टरीण म्हणाली, चौदा वर्षं म्हणजे कुत्र्याचं बरंच वय झालं, सर. हृदय मोठं झालंय, मागच्या पायांत जोर नाही, कानही गेलेत. आता पळवू नका, सुखात ठेवा.

ही माझीच विद्यार्थिनी. पाच वर्षं दर आठवड्याला पोटदुखीची चिठ्ठी आणून पीटीचा तास बुडवू पाहायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही चिठ्ठी मंजूर केली नाही, तिचीही नाही. आता ती मला फिटनेस शिकवणार.

हवालदार म्हातारा झालेला नाही. त्याची प्रॅक्टिस सुटली आहे. उद्यापासून सुरू.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत शाळेच्या टेपने दोनशे मीटर मोजले. शेवटी खूण म्हणून वीट ठेवली. नवीन रजिस्टर आखलं. शिट्टी वाजवली. हवालदार ढिम्म. वर धरलेला हात खाली केला तेव्हा निघाला. म्हणजे ऐकू येतं, फक्त जरा उशिरा.

वेळ : ९ मिनिटं ४० सेकंद. शेजारी म्हणाले, एवढ्या सकाळी शिट्टी नको. म्हटलं, सवय होईल.

७ फेब्रुवारी
सराव रद्द. हवालदारचा मूड नव्हता. माझा गुडघा दुखत होता, पण तो वेगळा विषय आहे.

१० फेब्रुवारी
विटेजवळ गटाराचं झाकण उघडं. वीट बरीच अलीकडे घेतली. तात्पुरती. सेफ्टी फर्स्ट. वेळ : ८.०५. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघावं.

सौ. त्याला गोळी उकडलेल्या अंड्यात घालून देते. माझा गोळ्यांना तत्त्वतः विरोध आहे. आज ती बाहेर गेली होती म्हणून मी दिली. नंतर पायांना तेल लावून मालिश केलं. खेळाडूंना करतातच. मालिश करताना तो माझ्या हातावर हनुवटी टेकून झोपला. हात तासभर तसाच ठेवला. मुंग्या आल्या.

१३ फेब्रुवारी
नव्या जागी एक मांजर बसतं. एकाग्रता भंगते. वीट मांजराच्या अलीकडे. वेळ : ६.५०.

१६ फेब्रुवारी
पुढे खड्डा आहे. इतके दिवस कसा दिसला नाही कोण जाणे. वीट खड्ड्याच्या अलीकडे. वेळ : ५.३०. अकरा दिवसांत वेळ जवळजवळ निम्म्यावर आणून दाखवली. शाळेत असतो तर शिक्षकांच्या खोलीत हे लावलं असतं.

१९ फेब्रुवारी
सकाळी सौ. झारी घेऊन विटेपाशी वाकलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, झाडांना पाणी घालते. तिथं झाड नाही. असो, बाईमाणसाला बागकामाची आवड लागली, चांगलंच आहे.

वेळ : ४.१५.

२३ फेब्रुवारी
वेळ : ३.२०. मुलीला फोन करून आकडे वाचून दाखवले. हवालदारला तिनेच शाळेच्या दप्तरातून घरी आणलं होतं, वह्या मित्राकडे ठेवून. ती म्हणाली, बाबा, येऊ का त्याला भेटायला? म्हटलं, कशाला, तो काय कुठं चाललाय? त्यावर फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.

२७ फेब्रुवारी
दवाखान्यात आकडे द्यायचे तर पुरावा पक्का हवा, म्हणून विटेपर्यंतचं अंतर टेपने पुन्हा मोजलं. सत्तर मीटर. टेप ताणला गेला असेल म्हणून परत मोजलं. सत्तर.

सौ.ला फैलावर घेतलं. तिने लगेच कबूल केलं. तो धापा टाकत यायचा, तिला बघवत नव्हतं, म्हणून रोज थोडी थोडी सरकवली, एकूण पन्नासेक मीटर. मग शांतपणे विचारलं, उरलेले ऐंशी कुठं गेले?

रजिस्टर उघडलं. झाकण, मांजर, खड्डा. सगळं माझ्याच अक्षरात.

यातून एवढंच सिद्ध होतं की ट्रॅक चुकला, खेळाडू नाही. उद्या पूर्ण दोनशे. वीट मूळ जागी ठेवून आलो.

२८ फेब्रुवारी
पस्तीस मीटरवर हवालदार बसला.

मी हात खाली केला. त्याने हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठला. चार पावलं टाकली आणि मागचे पाय दुमडले. मी हात खाली करायला नको होता. त्याला जमत नव्हतं, तरी मी सांगितलं म्हणून तो उठला.

उचलायला गेलो तर माझाच गुडघा बसला. दोघंही रस्त्यात बसून राहिलो. सौ. आणि शेजारी आले, त्यांनी आधी त्याला नेलं, मग मला.

दवाखान्यात डॉक्टरीण रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. इंजेक्शन दिलं, पायांवरून हात फिरवला आणि लेटरहेडवर काहीतरी लिहून माझ्या हातात ठेवलं.

१ मार्च, सकाळ
चिठ्ठी रजिस्टरात चिकटवली. मजकूर : आदरणीय सर, हवालदार यास प्रकृतीच्या कारणास्तव पळण्यातून कायमची सूट मिळावी, ही विनंती.

अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. एकतीस वर्षं मी अशा चिठ्ठ्या न वाचता परत केल्या. काहींची पोटं खरंच दुखत असतील.

खाली लिहिलं : मंजूर. सही केली.

पण सहा वाजून दहा मिनिटांनी बघतो तर हवालदार फाटकाशी उभा. शेपूट हलवत. आत यायला तयार नाही. चिठ्ठीत पळण्यातून सूट आहे, हजेरीतून नाही, हे त्याला माझ्याइतकंच कळतं. मी लंगडत गल्लीच्या टोकाला गेलो, वीट उचलून आणली आणि फाटकाबाहेर दोन पावलांवर ठेवली. तो गेला. वीट हुंगली. तिच्यावर हनुवटी टेकून आडवा झाला. मीही शेजारी ऊन येईपर्यंत बसलो, कारण गुडघ्याला ऊन चांगलं.

मुलीला फोन केला. सहज. म्हटलं, जमलं तर या आठवड्यात येऊन जा.

नोंद : अंतर दोन पावलं. स्पर्धक एक. क्रमांक पहिला. वेळ घेतली नाही. शिट्टी वाजवली नाही. उगाच शेजाऱ्यांची झोपमोड होते.