पाणचक्कीखालच्या माशासाठी दोरा

रिबनिक, एप्रिल

प्रिय नेजाद,

पहिला शब्द हाताच्या सवयीनं पडलाय, हुरळून जाऊ नकोस. चार वर्षांनी तुझं पत्र आलं. वाटलं, माणसाला एकदाचं घर आठवलं. कसलं काय! तू विचारलंस एवढंच, की पाणचक्कीखालच्या त्या म्हाताऱ्या ट्राउट माशासाठी गळाची जाड दोरी आणि टोकाची खोटी माशी यांच्यामधला बारीक दोरा किती लांब ठेवायचा. शिवाय मे महिन्यात तुझ्या नव्या उर्सुलाला घेऊन येतोयस, हॉटेलात उतरणार आहेस, आणि ‘आईला सांगू नकोस, उगाच वेळ जाईल.’ नेजाद, तुझ्या आईचा एक डोळा गेलाय आणि दुसरा चाललाय. तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते.

दोऱ्याचं तुला कधी कळलं नाही, कारण गरजच पडली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरे मी बांधायचे आणि तू कॉफी पीत, “आवर गं, मासा काय तुझी वाट बघत बसणारे?” म्हणायचास. वारा असला की दोरा गळाच्या काठीएवढा, झुडपांखालच्या ओढ्यात त्याहून आखूड आणि चक्कीखालच्या निवळशंख पाण्यात काठीच्या दुप्पट. तिथे जाड दोरीची सावली पडली तरी मासा तोंड फिरवतो. घे, लांबी सांगून टाकली. तुला तिचा काही उपयोग नाही. एवढ्या लांब दोऱ्याची जाड दोरीशी मारलेली गाठ मासा ओढताना काठीच्या शेवटच्या कडीत अडकते, मासा लांबच तडफडत राहतो, आणि कुणीतरी कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून त्याच्याखाली जाळं धरावं लागतं. ते कुणीतरी मी होते. स्पर्धांचे चषक तुझे झाले, गुडघे माझे गेले. मला याचा राग आहे, अजून आहे.

गेल्या वर्षी तू गुपचूप येऊन गेलास, तेही ठाऊक आहे. चक्कीवाल्या रामोनं पाहिलं. इथे बसून सांगत होता, “सेनिया, तुझा तो दिवटा आला होता! मासा लागला, गाठ अडकली, हा बोंबलतोय ‘जाळं धर, जाळं धर’, आणि बाईसाहेब काठावरून फोटो काढतायत. गेला ना मासा तोडून! मी हसून हसून पिठाच्या पोत्यावर आडवा झालो.” मीही हसले. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, “कोण आलं होतं रे, रामो?” त्याचं तोंड उतरलं. “पाहुणा होता आजी, परदेशी,” म्हणाला. आपल्या दारातून हाक मारली तर चक्कीपर्यंत ऐकू जाते, नेजाद. तू दाराकडे पाहिलंस तरी का?

तुझं पत्र पोस्टमननं आईच्याच हातात दिलं. “वाच,” म्हणाली. मी बाकीचं गाळलं आणि तू मेमध्ये येतोयस, एवढं वाचलं. “माझ्याबद्दल काय लिहिलंय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या हाताचं चुंबन घेतो म्हणून लिहिलंय. तेव्हापासून शेजारणींना ऐकवतेय, “माझा पोरगा येतोय. ही म्हणत होती, विसरला. बघा आता!” तुझ्यासाठी खिमा भरलेला बुरेक भाजायचा म्हणून रोज सराव चाललाय. दिसत नाही, त्यामुळे जळतो, आणि तो जळका बुरेक मी खाते. घटस्फोट तुझ्याशी झाला, तिच्याशी नाही.

आता मी हे का लिहितेय ते ऐक. तू परत यावंस म्हणून नाही. माझ्यापुरतं ते दार बंद आहे. त्या माशासाठीचा दोरा मी बांधून ठेवलाय. जाड दोरीशी जोडायचा सांधा घासून इतका गुळगुळीत केलाय की तो कडीतून सुळकन निघतो, जाळं धरायला कुणी लागत नाही. असा दोरा तुला बाजारात मिळायचा नाही आणि तुला स्वतःला बांधता यायचा नाही. तो मी आईला दिलाय. तुझ्यासाठी तिच्याकडून भेट, असं तिला सांगितलंय, आणि ती तो उशीखाली ठेवून झोपते. तुला हवा असेल तर घरी यावं लागेल, तिच्या शेजारी बसावं लागेल, जळका बुरेक चांगला झालाय म्हणावं लागेल. दोऱ्यासाठी आलायस हे तिला कळू देऊ नकोस. तिला म्हण, तुझ्यासाठी आलो. एवढं खोटं तुला जमेल. माझ्याशी इतकी वर्षं बोलतच होतास की.

तुझी आता कुणीच नसलेली,
सेनिया