कोरा चौकोन

९ सप्टेंबर
वीज गेली! वादळानं टेकडीवरचा विजेच्या तारांचा मनोरा आडवा केला. वीज कंपनीचा माणूस म्हणतो, "दोन दिवस." म्हणजे पाच धरा.
माझ्या योजनेच्या बैठकीत हाच माणूस दात काढत होता — "गाडी वीज खाते, हातोरीबाई, देते कधीपासून?" आता बघ म्हणावं! आमच्या नगर कार्यालयाच्या पाच प्लग-इन हायब्रिड गाड्या पाच आजाऱ्यांच्या दारात उभ्या आहेत. टाकीत पेट्रोल, गाडीतून घरात वायर, ऑक्सिजनची यंत्रं चालू. माझी योजना!

१० सप्टेंबर
शेजारचे कुवाबारा आजोबा कुंपणाशी आले. नाकात नळी, मागे सिलिंडर.
"पोरी, एक गाडी इकडं पण धाड की. घरातलं यंत्र बंद पडलंय."
यादीत नावच नाही त्यांचं! जूनमध्ये घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवरून नावं मागवली होती. वाचायचं, घरी यंत्र असेल तर नाव लिहायचं, आपल्या चौकोनात आपला शिक्का मारायचा, पाटी शेजारी द्यायची. इतकं सोपं.
"पाटी आलीच नाही गं."
"येते हो आजोबा, तुम्ही वाचत नाही!"
हसले बिचारे.

११ सप्टेंबर
कार्यालयात आमच्या इसाकासाहेबांकडे तीनदा गेले. राखीव सहावी गाडी नुसती उभी आहे.
"यादीत नाही तर गाडी नाही. उद्या अख्खं गाव मागेल. आणि नियम तुम्हीच लिहिलात ना?"
मीच लिहिला. कलम चार. स्वतःच्या हातानं.

१२ सप्टेंबर
रस्ता अजून बंद. नवे सिलिंडर नाहीत. आजोबांकडे दोनच उरलेत. ओठ निळसर दिसतात.
आज त्यांच्यावर ओरडले. "एक शिक्का मारायला काय झालं होतं?" मान खाली घालून म्हणाले, "चुकलं पोरी. माफ कर."
घरी येऊन ढसाढसा रडले. काय करू? कुणाचे पाय धरू?

१३ सप्टेंबर, सकाळ
आजोबांनी शेवटचा सिलिंडर लावला. दुपारपर्यंत पुरेल म्हणतात.
कार्यालयात जाऊन सहाव्या गाडीची किल्ली उचलली. गाडी माझ्या दारात आणली. नोकरी जाते तर जाऊ दे. टॉर्च घेते आणि वायर जोडायला जाते.

१३ सप्टेंबर, दहा मिनिटांनी
टॉर्च बुटांच्या कपाटामागे पडला. कपाट ओढलं.
मागे पाटी. जूनची. माझ्या चौकोनात माझा शिक्का. पुढचा चौकोन कुवाबारांचा — कोरा.
आणि माफी त्यांनी मागितली.