मेढ्याचा चढ, मिरजेचा रस्ता

१२ जानेवारी १९९७, रविवार

खोकी आली! दोन्ही! माझा मित्र सयाजी, त्याने पुण्याहून स्वतः आणून दिली. त्याचा मेव्हणा परदेशातून घेऊन आला. 'मधू, दोन्ही बसवून बघ. एक ठेव, एक परत दे.' चहासुद्धा न घेता गेला.

जिप्सीच्या मागच्या ॲक्सलसाठी नव्या जातीचे दोन डिफरन्शियल, इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून देणारे. साधा डिफरन्शियल म्हणजे मूर्खच — ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळी ताकद देऊन मोकळा होतो. ते मातीत गरागरा फिरतं, दुसरं ढिम्म. चारही चाकांना ताकद असून उपयोग काय! हे दोन तसं होऊ देत नाहीत. एकात प्लेटा आहेत, एकमेकींना दाबून धरतात. दुसऱ्यात नुसते गिअर, गुपचूप काम करणारे.

सुहासिनीने दोन्ही मांडीवर घेऊन बघितले. बोटांना ग्रीस. 'कुठला?' म्हणाली. म्हटलं, बघू.

मार्चमध्ये मोटर क्लबची रॅली आहे, मेढ्याजवळच्या मातीच्या रस्त्यावर. बारा वर्षं आम्ही दोघं जातोय. गाडी तिलाही येते, पण तिथं मी चालवतो, ती वहीतून वळणं वाचते. घरात 'अहो', गाडीत बसली की 'तू' — 'उजवं, आवळतंय, सोड, आता सोड!'

या वर्षी तिचं आजारपण. काय करायचं?

१५ जानेवारी

मिरज. केमोची चौथी सलाईन.

आमच्याकडे दुसरी गाडी नाही. हीच शर्यतीची, हीच दवाखान्याची. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कडक करून ठेवलेत मीच, हौसेने. पेठ नाक्यापासून रस्ता उकरलाय. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी पोट धरायची. गाठ काढली तरी दुखणं तिथंच आहे. मी सावकाश घेतली तर म्हणाली, 'सावकाश नको हो. एकदाचं पोचू दे.'

मुक्काम सांगलीला अपूर्वाकडे. सुहासिनीची धाकटी बहीण, पण हल्ली सुहासिनीच तिला धीर देते.

१९ जानेवारी

प्लेटांचा बसवला. गुंडा मिस्त्री आणि मी, सकाळपासून.

गॅरेजच्या आवारात वळवली तर मागची चाकं घासत, अडखळत फिरली. कुर्र कुर्र कट्! गुंडा खाली वाकून ऐकत होता. 'आवं भाऊ, ह्ये वळताना दात खातंय. वैनींस्नी ह्यातनं न्ह्यायचं म्हंजे न्हाई जमायचं.'

मग मेढ्याला रॅलीच्या चढावर नेली. काय सांगू! तिसऱ्या वळणावर आतलं मागचं चाक नेहमीसारखं हवेत गेलं — आणि गाडी थांबलीच नाही! ओढतच राहिली! इतकी सरळ वर गेली की मी एकटाच ओरडलो. शेजारची सीट रिकामी होती. मग ओरडायचा थांबलो.

२६ जानेवारी

गिअरवाला बसवला. लोण्यासारखा! आवाज नाही, धक्का नाही. साताऱ्याच्या बाजारातून फिरवली, गाडीत काही बदललंय असं वाटेचना.

पण मेढ्याच्या चढावर, तिसऱ्या वळणावर चाक उचललं आणि गाडी मेली. या जातीला दोन्ही चाकं थोडी तरी जमिनीला लागलेली हवीत. एक हवेत गेलं की हा साध्यासारखाच मूर्ख.

गुंडा म्हणाला, 'चढाला त्यो, रस्त्याला ह्यो. दोन्ही न्हाई व्हायचं, भाऊ.'

व्हायला पाहिजे होतं.

२ फेब्रुवारी

ठरवलं. गिअरवाला राहील. गुंडाला म्हटलं, प्लेटांचं खोकं बांधून ठेव, सयाजीला द्यायचंय.

सुहासिनी डबा घेऊन गॅरेजवर आली होती. खोकं बघून थांबली.

'हे परत का?'

'रस्त्याला त्रास देतो.'

'कुणाला?'

मी पाना पुसत राहिलो.

'माझं नाव घ्या ना सरळ. गाडी शर्यतीची आहे. मला अंड्यांच्या टोपलीसारखं नेऊ नका!'

'तुला दुखतं ते मी बघतो, सुहास. तू नाही बघत.' — असं बोलून गेलो. गुंडा बाहेर निघून गेला.

ती डबा ठेवून चालत घरी गेली. केस गेल्यापासून डोक्यावरून पदर घेते. उन्हात लांबपर्यंत तो पदर दिसत होता. पळत जाऊन तिला थांबवायला हवं होतं. नाही गेलो.

५ फेब्रुवारी

मिरज. पाचवी. गिअरवाला. पेठपासून आष्ट्यापर्यंत ती झोपली! चक्क झोपली. मी आनंदाने आरशात बघत होतो. मग डोक्यात आलं, आपण कशावर खूश होतोय — बायको दवाखान्यात जाताना झोपली यावर?

खोकं अजून दिलेलं नाही. का, माहीत नाही.

१६ फेब्रुवारी

आज बरी होती. ओट्याशी उभी राहून पोहे केले. बोटांना सारख्या मुंग्या येतात, हातातून कढीपत्त्याची काडी सुटली. मी उचलून दिली तर रागावली.

खाताना एकदम विचारलं, 'पुढच्या चाकांनापण असलंच काही बसवलं तर?'

'पकड वाढेल. पण स्टिअरिंग जड होतं. हातातून ओढून घेतं.'

'मग पुढं काही नको. साधंच राहू दे.'

माझा डावा खांदा दुखतो त्याची काळजी करतेय! या अवस्थेत! भरून आलं. म्हटलं, बरं, नाही बसवत.

२६ फेब्रुवारी

कसं लिहू.

डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून दाखवले. पसरलंय. औषध बदलून बघू, म्हणाले. 'बघू' म्हणताना माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. तिने विचारलं, 'न बदललं तर?' 'काही महिने.' 'बदललं तर?' 'तेही... सांगता येत नाही.' भला माणूस आहे. खोटं बोलला नाही.

जिन्यात ती थांबली. कठडा धरून. मला वाटलं, दम लागला.

'अहो, आता मिरजेला यायचं नाही.'

मी काहीतरी बोललो. मुंबईला जाऊ, दुसऱ्याला दाखवू. तिने ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, 'माझं ठरलंय. तुम्ही रडलात तर मी पण रडेन, आणि इथं जिन्यात नको.'

रडलो. आष्ट्याला पेट्रोल पंपावर, गाडीच्या मागे उभा राहून. पंपावरचा माणूस टाकीचं झाकण हातात धरून उभा राहिला.

कऱ्हाडच्या पुढे तीच बोलली. 'आता रस्त्याचा प्रश्न मिटला ना? प्लेटांचा बसवा.'

२ मार्च

बसवला. शेवटचा बोल्ट आवळून गुंडा म्हणाला, 'वैनी लय खंबीर हाईत, भाऊ.' आणि हात धुवायला गेला तो परत लवकर आलाच नाही.

सयाजीला फोन केला. गिअरवाला घेऊन जा म्हटलं. त्याने कारण विचारलं. सांगितलं.

९ मार्च

रॅलीचं नाव काढून घेऊ, असं सकाळी म्हटलं. तिला बसवून त्या चढावर न्यायचं? कसं? मी माणूस आहे की कोण!

'अर्ज गेला,' ती म्हणाली. 'मीच भरला. डॉक्टरांनाही फोनवर विचारलंय. मन होईल ते करा म्हणाले.'

'आणि मध्येच दुखलं तर?'

'साडेतीन किलोमीटर आहे. इथं बसूनही दुखतंच.'



दुपारी वहीतली वळणं मोठ्याने म्हणत होती. पानाकडे न बघता. सगळी पाठ आहेत तिला. मग मला म्हणाली, 'तुम्हीपण एकदा वाचून बघा ना. माझं अक्षर लागतंय का?' वाचली. लागतं की. म्हटलं, मला कशाला?

हसली नुसती.

१६ मार्च, रविवार

मेढा. टेबलावरच्या माणसाने यादी वाचली — 'अकरा नंबर. चालक सुहासिनी करंदीकर. वाचक मधुकर करंदीकर.' म्हटलं, उलट झालंय तुमचं. त्याने अर्ज पुढे केला. अक्षर तिचं.

वळून बघतो तर ती उजव्या सीटवर बसलेली, पट्टा लावलेला, हात स्टिअरिंगवर.

'तू चालवतेस का?' असं बारा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.