उघडणाऱ्या डॅशबोर्डची बग्गी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली वायरिंगवाली, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला घेऊन मी तो धाकट्या दिरांना मुद्दाम दाखवला आहे, कारण त्यांना याबाबत जुनी शंका आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. ते आणायची छाती आमच्या घरात कोणाची नाही. याआधी मी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, वरच्या गच्चीसह, माझ्या लेकीला. मोरीतला नळ गळतो, त्यासाठी प्लंबरला बोलावू नये. तो नळाकडे बघून उसासे टाकतो आणि नवा नळ विकून जातो.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते लेकीला. दागिने शोधत बसू नये. होते ते गाडीच्या इंजिनात गेले, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

कलम तिसरे. माझा मीटर, तार सोलायचा चिमटा आणि सोल्डरिंगचं सामान लेकीला. मोठी पक्कड मिळणार नाही. ती दिरांनी नेली होती, परत आली तेव्हा तिच्या जबड्यात त्यांच्या कारखान्यातलं चिकट रेझिन वाळलं होतं. धुऊन द्यावी एवढीही तसदी नाही. मी ती त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली.

कलम चौथे. वाळूवर पळवायची फायबरची उघडी गाडी, जिला घरात सगळे बग्गी म्हणतात. खरा खटाटोप हिच्यासाठी आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

भावजींचा धंदा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा. टाकीवाल्याला जगात एकच धास्ती, सांध्याची. ह्यांनी मोठ्या हौसेने धाकट्या भावाला गाडीची बॉडी करायला सांगितली, आणि भावजींनी चार चाकांची टाकी करून दिली. डॅशबोर्ड बॉडीसकट एकाच साच्यात. वायरी आधी अंथरल्या आणि त्यांच्यावर फायबरचे थर चढवून टाकले. कुठे स्क्रू नाही, कुठे फट नाही. त्यावरून हात फिरवत भावजी म्हणाले, "बघा वहिनी, आत पाण्याचा थेंब जायचा नाही."

"आणि माणसाचा हात?" मी विचारलं.

ते हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

फ्यूज बदलायचा तर ह्यांना पाय सीटवर आणि डोकं पेडलपाशी असं उलटं झोपावं लागे. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ एक अरुंद भोक होतं, तेवढीच वाट. एकदा वाळूच्या चढावर डॅशबोर्डमागून धूर यायला लागला. मी बॅटरी सोडवायला मागे धावले, तोवर ह्यांनी त्या भोकातून हात आत घातला होता. तार लालभडक झालेली, आणि हात बाहेर निघेना. उजव्या हाताची बोटं त्यानंतर कधी नीट मिटली नाहीत. शर्टाची बटणं शेवटपर्यंत मी लावून दिली. भावजी इस्पितळात भेटायला आले आणि खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "दादाला घाईच फार."

मी घरी येऊन ग्राइंडर काढला. डॅशबोर्डचा मधला भाग चौकोनी कापला. नुसत्या कापलेल्या कडा हादऱ्याने तडकतात, म्हणून मागून फायबरचे थर देऊन त्या जाड केल्या. कापलेली फळी खालच्या बाजूने बिजागरीवर बसवली, वर पिळाच्या दोन खुंट्या. पीळ दिला की फळी दिवे-स्विचांसकट अलगद मांडीवर येते. वायरी हातभर सैल सोडल्या, प्रत्येकीला सुटणारा जोड आणि नावाची पट्टी. कडेने रबर लावलं, आत वाळू जात नाही. भावजींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, गाडीचं तोंड फाडलंत तुम्ही."

"आता निदान बोलेल तरी," मी म्हटलं. "इतके दिवस आतल्या आत जळत होती."

तेव्हापासून ते साऱ्या गावाला सांगत सुटलेत, की वहिनींच्या मागे गाडी माझ्याकडे आली की ते खिंडार आधी बुजवणार आणि गाडी कारखान्याच्या दारात मांडणार. लेकीला म्हणाले, "रविवारी तूच चालव की, काकाचीच गाडी." बुजवलेल्या डॅशबोर्डमागे माझ्या लेकीचा हात जाणार, हे मला सहन होत नाही. ह्यांचा एक हात पुरे झाला.

तरीही. हे जाण्याआधी मला म्हणाले होते, "धाकट्याने घडवली आहे गाडी. तुझ्यामागे त्याच्या नावे लिही. शब्द दे." मी दिला. भावाच्या बाबतीत हे आंधळे होते, पण शब्द तो शब्द. म्हणून मी लिहिते: सदर बग्गी माझ्या धाकट्या दिरांना देण्यात यावी. झालं लिहून.

कलम पाचवे. वरीलपैकी जे कायद्याने ज्याचे त्याला पोहोचू शकणार नाही ते, आणि लिहायचं राहून गेलेलं सगळं, माझ्या लेकीला.

कलम सहावे, साक्षीदारांविषयी. वकीलबाईंनी मला समजावलं आहे, की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याच्या नावे त्यात लिहिलेलं रद्द होतं. मी ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली. हे कलम मी भावजींच्या समोर बसून लिहीत आहे. ते चहा पीत आहेत. शेजारणीच्या देखत मी त्यांना म्हटलं, "भावजी, सही करण्याआधी वाचून घ्या." ते म्हणाले, "त्यात काय वाचायचं, वहिनी? अक्षर सुंदर आहे तुमचं. कुठे करू सही?"

मी जागा दाखवली.

ठिकाण: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: ११ मार्च, रविवार
लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार पहिली: शेजारीण, परिचारिका. सही केली, वाचून. वाचताना ठसका लागला.

साक्षीदार दुसरे: धाकटे दीर, टाक्यांचे कारखानदार. सही केली, न वाचता.